दामाजीपंतांची पावती

नियम लिहिणे हा आमचा व्यवसाय आहे. बेळगावच्या न्यायालयात काळा डगला चढविल्याला आता वीस वर्षे होत आली. या काळात भाडेपट्टे, मृत्युपत्रे, संस्थांच्या घटना आणि त्या घटनांच्या दुरुस्त्या आमच्या लेखणीतून इतक्या उतरल्या, की कोणताही प्रश्न समोर आला म्हणजे तो दोन कलमांत बसविण्याची आम्हांस सवयच जडली आहे. म्हणूनच आमच्या पेठेतील देवालयाच्या विश्वस्त मंडळाने मागे एक नियम करून मागितला, तेव्हा समोरचा चहा निवण्याच्या आत आम्ही तो लिहून दिला. त्या नियमाची आज आम्हांस लाज वाटते. ती का वाटते, हे आमच्यासारख्याच देवळांच्या ओसरीवर वाढलेल्या वाचकांना सांगावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

अन्नसंतर्पण ही आपणां मंडळींच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. इंदूर-ग्वाल्हेरपासून गोव्यापर्यंत आपली माणसे जेथे जेथे स्थिरावली, तेथे देऊळ उभे राहिले आणि देवळाच्या मागे मुदपाकखाना. अहिल्याबाईंनी तीर्थक्षेत्री घातलेल्या अन्नछत्रांची आठवण अजून निघते. आमच्या देवालयात मात्र पूर्वी उत्सवाच्या दिवशीच पाने मांडली जात. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीने हातावर पोट असणाऱ्यांच्या चुली विझल्या, तेव्हा पेठेतील बायकांनी मिळून देवळात भाताचे हंडे चढविले. आणि टाळेबंदी उठल्यावरही दर गुरुवारचे जेवण चालूच राहिले. आमटीभात, एक भाजी, सणावारी गोड सांजा. पाहता पाहता एका पंगतीच्या तीन पंगती झाल्या.

पंगती वाढल्या तशी कुरकुरही वाढली. मोटारसायकलवरून येणारे जेवून जातात, लग्नकार्याला आलेले पाहुणे पानावर बसतात आणि खरा गरजू मागे राहतो, असे खजिनदारांचे म्हणणे. ते खोटे नव्हते. शेवटी ठरले, की गरजूंना कूपन द्यावे. पण गरजू ओळखावा कसा? येथे आमचे कायद्याचे ज्ञान कामास आले. नुसते रेशन कार्ड पाहून भागणार नाही, वारलेल्या माणसांची कार्डेसुद्धा घराघरांतून पडून असतात, असे आम्ही मंडळाच्या नजरेस आणिले, आणि लिहिले, "चालू शिधापत्रिका व मागील महिन्यात धान्य उचलल्याची दुकानाची पावती दाखविणारासच कूपन देण्यात येईल." पावतीची अट ही आमची खास भर. मंडळाने त्याबद्दल आमचे अभिनंदन केले, आणि आम्हीही ते स्वीकारिले.

नियम लागू झाल्यावर तिसऱ्या गुरुवारची गोष्ट. सभामंडपाच्या कडेला एक आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सत्तरीच्या पलीकडच्या. त्यांना आम्ही ओळखत होतो. मंगल कार्यालयांतून भांडी घासण्यात त्यांचा जन्म गेला, आणि उत्सवाच्या पंगतींनंतर याच देवळातील पितळी हंडे त्यांनी किती वर्षे घासले त्याची गणती नाही. "कार्ड आहे, पावती नाही," असे सांगून स्वयंसेवक मुलाने त्यांना बाजूला बसविले होते. मुलाचे काही चुकले नव्हते. त्याने आमचा नियम अक्षरशः पाळला होता.

आम्ही विचारले, "आजी, मागच्या महिन्याचे धान्य घेतले नाहीत का?"

"घेतलं न्हाई कसं? मिळंना झालंय, वकीलसाहेब. अंगठा उठंना बघा. दुसऱ्यांची भांडी घासून घासून रेघाच गेल्यात. दोन महिने झाले. मशीन म्हणतंय, ही बाई तू न्हवंस."

मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "तिथं मशीन न्हाई म्हणतंय म्हणून हितं आले. हितं पावती मागत्यात. पावती तिथनंच मिळायची की."

उलटतपासणीत साक्षीदाराच्या एका उत्तराने सबंध दावा कोसळलेला आम्ही अनेकदा पाहिला आहे. त्या दिवशी तो आमचाच कोसळला. ज्याला दुकानात धान्य मिळाले, त्याला आम्ही जेवण देणार होतो. आणि ज्याला मिळाले नाही, त्याला त्याच कारणासाठी परत पाठविणार होतो. गरजू निवडण्यासाठी केलेल्या गाळणीने नेमका गरजूच गाळून टाकला होता.

आजींना त्या दिवशी पान वाढले, हे सांगावयास नको. परंतु ते वाढताना आम्ही नियम मोडीत होतो, आणि त्या आमच्या मर्जीने जेवीत होत्या. दुसऱ्या दिवशी आमच्या जागी दुसरा कोणी असता, तर त्याची मर्जी वेगळी असती.

ज्या भिंतीला त्या टेकल्या होत्या, तिच्यावर एक जुने, रंग उडालेले चित्र आहे. बादशहाच्या दरबारात घोंगडी पांघरलेला विठू महार मोहरांची थैली रिती करीत आहे. चित्राखाली नाव नाही. त्याची गरजही नाही. दामाजीपंतांची कथा आपण लहानपणापासून कीर्तनांतून ऐकत आलो. मंगळवेढ्यात दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, आणि तेथील अधिकारी दामाजीपंतांनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली. चहाडी झाली, पंतांना बेदरला नेण्यासाठी शिपाई आले. पण पंत पोहोचण्याआधीच विठोबा महाराचे रूप घेऊन दरबारात गेला, सारी रक्कम भरली आणि रीतसर पावती घेतली. ती पावती पंतांना आपल्या पोथीत सापडली. देवाने रूप घेतले तेही कोणाचे, तर ज्याला त्या काळी देवळाची पायरी चढण्याची बंदी होती त्याचे. हे आपण ऐकतो, मान डोलावतो, आणि आरतीला उभे राहतो.

वकिलाच्या दृष्टीने पाहिले, तर दामाजीपंतांवरील आरोप सिद्ध करावयास साक्षीदारसुद्धा नकोत. विश्वासाने सोपविलेले सरकारी धान्य वरिष्ठांच्या हुकुमावाचून वाटून टाकणे, याला कोणतेही राज्य अपहारच म्हणेल. बचाव एकच: समोर माणसे मरत होती. तो बेदरच्या दरबारात टिकला असता की नाही, हे कळावयास मार्ग नाही. कारण खटला उभा राहण्यापूर्वीच देणे फिटले. कीर्तनात आपण त्या चमत्काराने गहिवरतो. आम्हांस मात्र त्या गुरुवारी दुसराच प्रश्न पडला. कोठारे भरलेली असताना ती उघडण्यासाठी प्रत्येक वेळी एका दामाजीने प्राण पणाला लावावे आणि एका विठोबाने धाव घ्यावी, ही काय राज्याची रीत झाली? ज्या गावात दामाजी नाही, त्या गावाने काय करावे?

हाच प्रश्न २००१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. राजस्थानात लागोपाठ अवर्षण पडले होते. त्याच वेळी भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांत देशभर पाच कोटी टनांहून अधिक धान्य साठले होते. राखीव साठ्याची जी मर्यादा सरकारने स्वतःच ठरविली होती, तिच्या दुपटीहून ते अधिक होते. ठेवावयास जागा नाही म्हणून पोती उघड्यावर रचलेली, आणि हाकेच्या अंतरावर उपाशी माणसे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने एप्रिल २००१ मध्ये रिट अर्ज केला आणि विचारले, की संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेल्या जगण्याच्या हक्कात अन्नाचा हक्क येतो की नाही? २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन रेशन, अंत्योदय, शाळेतील शिजविलेले माध्यान्ह भोजन, अंगणवाडीतील आहार अशा एकंदर आठ योजनांचे लाभ हे लोकांचे कायदेशीर हक्क ठरविले. योजना त्याच, धान्य तेच. बदलले ते एवढेच, की सरकारला आता आपल्या मर्जीने त्या आखडून घेता येईनात. कोठारांची किल्ली दामाजीच्या कनवटीतून निघून न्यायाच्या हाती आली.

या बदलाची किंमत आमच्या आजीला विचारावी. आमच्या घरची आजी १९६० नंतरच्या टंचाईच्या वर्षांच्या गोष्टी सांगत असे. परदेशातून आलेला तांबडा मिलो रेशनवर मिळे. त्याची भाकरी थापली तर कडा फुटत, आणि जोंधळ्याची चव ठाऊक असलेल्या जिभेला ती उतरत नसे. पण आजीला मिलोहून अधिक झोंबे ती रांग. पिशवी पदराखाली झाकून ती मागच्या गल्लीने घरी येई. सरकारी धान्य आणणे म्हणजे हात पसरणे, ही समजूत तिच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. तिच्या पिढीला रेशन हे कोणीतरी देऊ केलेले होते; ते आपले आहे, असे तिला कोणी सांगितलेच नाही.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ते सांगितले. ग्रामीण भागातील शेकडा ७५ आणि नागरी भागातील शेकडा ५० पर्यंत लोकांना या कायद्याने धान्याचा हक्क दिला: अग्रक्रमाच्या कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो, आणि गरिबातल्या गरीब अशा अंत्योदय कुटुंबास एकत्रित ३५ किलो. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया किलो असा भाव कायद्यातच लिहिला गेला; जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारने तेही घेणे बंद केले. कर्नाटक शासन २०१३ पासून आपल्या 'अन्नभाग्य' योजनेतून त्यात स्वतःची भर घालीत आले आहे. ५ किलोंचा हिशेब केला तर दिवसाला १६६ ग्रॅम पडतात. त्यावर कोणी माजणार नाही, पण कोणी मरूही नये. याच कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील सर्वांत वडील स्त्रीचे नाव लागते. आणि हक्काचे धान्य मिळाले नाही, तर त्याबदली भत्ता मिळावा व जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागता यावी, अशी तजवीज आहे. दानाला अपील नसते. हक्काला असते. भिक्षा आणि भाग यांतला सारा फरक एवढ्यात आला.

मग आजींचा अंगठा आडवा आला कोठून? तोही अकारण आला नव्हता. रेशनच्या धान्याला मोठी गळती होती, हे कोणी नाकारू नये. २००४-०५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवरून अर्थशास्त्रज्ञांनी जो हिशेब काढला, त्यात निम्म्याहून अधिक धान्य वाटेतच नाहीसे होत असल्याचे दिसले. चोर पकडण्यासाठी अंगठ्याचे यंत्र बसले. परंतु छत्तीसगडाने हे यंत्र सर्वत्र येण्यापूर्वीच गळती पुष्कळ आटोक्यात आणली होती. २००४ मध्ये त्या राज्याने रेशनची दुकाने खाजगी व्यापाऱ्यांकडून काढून पंचायती, बचत गट व सहकारी संस्थांकडे सोपविली, आणि धान्य थेट दुकानाच्या दारापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था केली. म्हणजे चोरी होत होती ती मुख्यतः गोदाम आणि दुकान यांच्या दरम्यान. पोती फिरत होती ती मालमोटारींतून. आणि आपण झडती घेतो आहोत ती शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या म्हातारीच्या अंगठ्याची.

ही झडती जीवघेणी ठरू शकते. २०१७ साली झारखंडमधील सिमडेगा जिल्ह्यात एक अकरा वर्षांची मुलगी दगावली. आधारशी जोडणी नाही म्हणून कार्ड रद्द झाले, घरात धान्य नव्हते, मुलगी भात मागत गेली, असे तिच्या घरच्यांनी सांगितले. मृत्यू हिवतापाने झाला, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. कारण काहीही असो, घरात धान्य नव्हते हे कोणत्या निदानाने पुसले जाणार? त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळविले, की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्यावरून कोणास धान्य नाकारू नये. अशांची नोंद वेगळ्या वहीत करून धान्य द्यावे. २०१८ च्या आधार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही जोडणी वैध ठरविली, परंतु ओळख पटविण्यात यंत्र कमी पडले म्हणून खरा लाभार्थी वगळला जाऊ नये, हेही बजावले. कायदा आजींच्याच बाजूस होता. आजींना ते ठाऊक नव्हते. आणि ज्यांना ठाऊक होते, ते देवळात बसून पावतीचे नियम लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आजींना घेऊन दुकानात गेलो. आमच्या सीमाभागात या दुकानाच्या पाटीवर कानडीत 'न्यायबेले अंगडी' असे लिहिलेले असते, म्हणजे न्याय्य किमतीचे दुकान. पलीकडे महाराष्ट्रात त्यालाच 'स्वस्त धान्य दुकान' म्हणतात. भाषेच्या वादात आमचे आयुष्य गेले, तरी त्या दिवशी आम्ही ही कानडी पाटी मनोमन मान्य केली. स्वस्त हे कोणाच्या तरी औदार्याने असू शकते; न्यायाला औदार्य लागत नाही.

दुकानदार भला गृहस्थ निघाला. त्याने आजींची दहाही बोटे ओल्या फडक्याने पुसून यंत्रावर टेकविली. यंत्राने दहाही नाकारली. मोबाईलवर आकडे मागविले, तर ते मुलाच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरावर गेले. मुलगा कामासाठी परगावी. वेगळ्या वहीत नोंद करून धान्य देण्याविषयी विचारताच त्याचा चेहरा उतरला. "तसं दिलं आणि उद्या साठ्यात फरक आला, तर तो माझ्या अंगावर, साहेब." तोही खोटे बोलत नव्हता. दामाजी होण्याची त्याची तयारी नव्हती, आणि ती कोणी अपेक्षूही नये. कायदा केला तो याचसाठी, की साध्या माणसाला दामाजी न होता धान्य देता यावे.

आम्ही तक्रार लिहिली. दोन पाने, कलमांसह. तीन फेऱ्या झाल्या, ठसे नव्याने घेतले गेले, मोबाईलचा नंबर बदलला, आणि तेविसाव्या दिवशी आजींच्या पिशवीत तांदूळ पडले. ज्या महिन्यांचे धान्य बुडाले, त्यांच्या भत्त्याचा अर्ज आम्ही वेगळा केला आहे. तो अद्याप पडून आहे.

घरी परतताना आम्हांस स्वतःविषयी थोडे बरे वाटू लागले होते. आजींनीच ते उतरविले. "तुमी आला म्हणून झालं बघा," त्या सहज म्हणाल्या. "माझ्या शेजारणीचं पण तसंच हाय. तिला कोण वकील?"

म्हणजे पुन्हा दामाजीच झाला! काळ्या डगल्यातला, बिनजोखमीचा, पण दामाजीच. हक्क मिळावयास ओळखीचा वकील लागत असेल, तर तो हक्क अजून निम्माच पोहोचला असे समजावे.

पुढच्या सभेत आम्ही आपला नियम मागे घ्यावा असा ठराव मांडला. खजिनदारांनी विरोध केला, आणि त्यांचा मुद्दा वाजवी होता: देवाचा पैसा मर्यादित आहे, तो भलत्याच्या पोटात जाऊ नये. आमचे म्हणणे असे, की एकाच पंगतीत सधन मनुष्य बसला, तर त्यामुळे शेजारच्या गरिबाची लाज झाकली जाते. आणि तसा एखादा जास्तीचा जेवला, तर देवाचे फार तर पानभर अन्न गेले. भुकेला परत गेला, तर देवळात उरले काय? चर्चा लांबली. अखेर दोन मतांच्या फरकाने कूपन रद्द झाले. त्याचबरोबर दुसरी एक गोष्ट एकमताने ठरली. दर गुरुवारी पंगती चालू असताना मंडपात एक टेबल मांडावे, शिकलेल्या दोन मुलांनी तेथे बसावे, आणि ज्यांचे धान्य अडले असेल त्यांच्या तक्रारी लिहून द्याव्यात. खजिनदारांनी टेबलाचा खर्च स्वतः उचलला. पहिल्या गुरुवारी चार तक्रारी लिहिल्या गेल्या. पहिली आजींच्या शेजारणीची होती.

देवळाने अन्नदान थांबवावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. कायदा पोहोचेपर्यंत भूक थांबत नाही, आणि शेजारधर्माला कायदा हा पर्याय नव्हे. परंतु दान करणाराने दोन गोष्टी ओळखून असाव्यात. आपल्या दारी आलेल्याचा कोठेतरी हक्क बुडालेला असतो. त्याला जेवू घालताना तो हक्क कोठे बुडाला, हेही विचारावे. आणि जे कुलूप सरकारी दुकानाला शोभत नाही, ते देवाच्या दाराला तर कदापि लावू नये.

परवाच्या गुरुवारी आजी पुन्हा आल्या. दारातल्या मुलाला त्यांनी दुकानाच्या यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी दाखविली.

"आजी, आता पावती लागत नाही," तो म्हणाला.

"लागू दे न्हाई तर न्हाई. बघ तर," असे म्हणून त्यांनी ती त्याला पुरती वाचावयास लाविली, मग तिची घडी घालून पदराच्या टोकाला गाठ मारली. आमच्याकडे वळून म्हणाल्या, "घरात तांदूळ हाईत, वकीलसाहेब. आज मी प्रसादाला आलीया."

आणि पंगतीत जाऊन बसल्या.